जुन्या गाडीचे दिवे: आधी अर्थिंग पाहा



ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि आपली संध्याकाळ गेली. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, अ‍ॅबरडीनला साडेतीनच्या सुमारास. मुलांना शाळेतून आणायचं ते दिवे लावून, मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं ते दिवे लावून, आणि वर वायपर चालूच. म्हणून आज गाडीच्या दिव्यांबद्दल बोलू या. नव्या गाडीच्या नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांची इथली पहिली गाडी असते ना, कुणीतरी भारतात परत जाताना विकलेली, दहा-पंधरा वर्षांची, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली, तिच्या दिव्यांबद्दल.

अशा गाडीला दर वर्षी एमओटीला उभं राहावं लागतं. मोटारीसाठी या तपासणीची कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स आहे. त्यात दिवे सगळे बघतात: हेडलाइट, त्यांची दिशा, साइड लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, मागचा फॉग, अगदी नंबर प्लेटवरचा दिवासुद्धा. तिथे दिव्यांवरून नापास झालं की माणूस गडबडतो. गाडी घेतलेली असते हजार-बाराशे पौंडांना, आणि गॅरेजवाला दुरुस्तीचे चारशे सांगतो.

गेल्या हिवाळ्यातलीच गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीची एक मुलगी, मूळची नाशिकची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी असते. तिच्या २००८ च्या हॅचबॅकचा मागचा उजवा दिवा विचित्र वागायला लागला. नुसता टेल लाइट ठीक लागायचा. ब्रेक दाबला की त्या बाजूचा उजेड वाढायच्या ऐवजी सगळाच मंद व्हायचा. उजवा इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच्या तालावर मिचमिच करायचा. काचेवरचा तिसरा ब्रेक लाइट तर कधीचाच बंद होता. बल्ब बदलून झाला, काही फरक नाही. मग एका गॅरेजने कॉम्प्युटर लावून पाहिला आणि गाडीचं कंट्रोल मॉड्यूल बदलावं लागेल म्हणून ३८० पौंड सांगितले. ती गाडी विकायचाच विचार करत होती. दरम्यान रात्री-अपरात्री, पावसात, मोटरवेवर, मागून येणाऱ्या ट्रकला तिचा एकच डावा ब्रेक लाइट दिसत होता. ३८० पौंडांपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटली.

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ही लक्षणं नुसती फोनवर सांगितली असती तर त्याने गाडी न बघताच सांगितलं असतं, ‘अर्थिंग गेलंय.’ आणि तेच होतं.

गाडीतलं अर्थिंग म्हणजे घरातल्यासारखी जमिनीत गाडलेली तार नव्हे. गाडीत प्रत्येक दिव्याला बॅटरीपासून दोन तारा नेलेल्या नसतात. प्लसची तार फ्यूजमधून, स्विचमधून दिव्यापर्यंत येते. परत जायचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. बॅटरीचा मायनस जाड केबलने बॉडीला बांधलेला असतो आणि प्रत्येक दिव्याची दुसरी तार जवळच कुठेतरी बॉडीला बोल्टने आवळलेली असते. तांबं वाचतं, वजन वाचतं. पण त्या बोल्टवर गंज चढला की रस्ता अर्धवट बंद.

मागच्या दिव्याच्या एका डब्यात टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स असे सगळे बल्ब असतात, आणि पुष्कळ गाड्यांत त्या सगळ्यांचा परतीचा प्रवाह प्लगमधल्या एकाच पिनेतून जातो. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर उडतं. पंधरा हिवाळ्यांत त्या पिनेची काय अवस्था होत असेल बघा. टेल लाइट पाच वॉटचा, त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही; तेवढा प्रवाह खराब पिनेतूनही निभून जातो. ब्रेक लाइट २१ वॉटचा, त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. तो प्रवाह आला की पीन दम तोडते. आणि पीन पूर्णच तुटली असेल तर आणखी गंमत होते. प्रवाहाला घरी जायला रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून उलटा शिरतो आणि भलत्याच दिव्याच्या अर्थिंगने परत जातो. ब्रेक दाबल्यावर पुढचे साइड लाइट मिणमिणतात ते यामुळे. एका दिव्याचं बटण आणि दुसऱ्याच दिव्याचा उजेड असा प्रकार दिसला, की बल्ब, स्विच, मॉड्यूल सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा अर्थिंग तपासा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा गोष्ट तिथेच संपते.

तपासायचं कसं, ते नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. साधा मल्टिमीटर दहा-पंधरा पौंडांना मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवायचा. काळं टोक एका लांब वायरने थेट बॅटरीच्या मायनसला जोडायचं. बॅटरी पुढे आणि दिवा मागे असला तरी आळस करायचा नाही. दिवा लावायचा. हे महत्त्वाचं: दिवा चालू हवा, ब्रेकवर कुणाचा तरी पाय हवा. मग लाल टोक दिव्याच्या अर्थच्या पिनेवर टेकवायचं. अर्थिंग चांगलं असेल तर शून्याच्या आसपास आकडा येतो, ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आम्ही मोजलं तेव्हा आले ३.१. म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपैकी तीन त्या गंजलेल्या पिनेतच खर्च होत होते आणि बल्बच्या वाट्याला जेमतेम नऊ येत होते. आता नऊ म्हणजे बाराच्या पाऊणपट, मग उजेडही पाऊणपट असेल असं वाटतं. तसं नसतं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं तर सुमारे तीस टक्के उजेड जातो. नऊ व्होल्टवर उरतो तो तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त.

प्लग काढून पाहिला तर पीन काळपट-तपकिरी झालेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. ती पीन कापून टाकली, नवीन टर्मिनल दाबून बसवलं, आणि शिवाय त्या तारेपासून एक वेगळी वायर काढून जवळच्या बोल्टखाली आवळली. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड बाहेर काढलं, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं, ०.०५. सामानाला दहा पौंडसुद्धा लागले नाहीत. मॉड्यूल आहे तेच आहे, आजही चालू आहे.

मीटरबद्दल एक इशारा. प्लग काढून नुसत्या सुट्या तारेवर मीटर लावला, तर ती तार आतून एका धाग्यावर तगलेली असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवेल. सोसायटीतला नळ आठवा. पाइपात कचरा अडकलेला असला तरी नळ बंद असताना आत दाब पूर्ण असतो. नळ सोडला की करंगळीएवढी धार. मीटर म्हणजे बंद नळ. म्हणून मोजायचं ते भार चालू असताना. किंवा सरळ टेस्ट लॅम्प वापरा. २१ वॉटचा बल्ब, एक होल्डर, दोन वायरी आणि टोकाला क्लिपा. आपल्याकडच्या गॅरेजात अजून हेच चालतं आणि ते उत्तम चालतं. बल्ब लख्ख पेटला तर तारेत दम आहे, मिणमिणला तर नाही. फक्त एअरबॅगच्या किंवा गाडीच्या कॉम्प्युटरच्या तारांवर हा दिवा लावू नका, तिथलं काही जळू शकतं.

आणि हो, भारतातून येताना बॅगेत आणलेला तो निऑनचा टेस्टर, ज्याच्या डोक्यावर बोट ठेवलं की लाल ठिपका दिसतो, तो गाडीत काही कामाचा नाही. त्यातला दिवा पेटायलाच साठेक किंवा जास्त व्होल्ट लागतात. बारा व्होल्टवर तो कधीच लागणार नाही, आणि तुम्हाला वाटेल करंटच नाही.

बारा व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरीतून प्रवाह शेकड्यांनी अँपिअर निघू शकतो. बॅटरीच्या प्लसपासून लोखंडी बॉडीपर्यंत पाना टेकला तर ठिणग्या उडतात, पाना लालसुद्धा होतो. म्हणून अंगठी, कडं, बांगड्या, धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवायची असेल तर मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. काही जुन्या गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा, नाहीतर आमचा कार्यक्रम कसा ऐकणार!

आता तिचा तो तिसरा ब्रेक लाइट. हॅचबॅक किंवा इस्टेट गाडीत डिकीच्या दारातले दिवे, मागचा वायपर, काच तापवणारी जाळी, या सगळ्यांच्या तारा बिजागराजवळच्या एका रबरी नळीतून जातात. दार वर-खाली होताना त्या तारा हजारो वेळा वाकतात आणि शेवटी तुटतात. नंबर प्लेटचा दिवा दार उघडल्यावर लागतो आणि बंद केल्यावर विझतो, मागचा वायपर मध्येच थांबतो, अशा तक्रारी आल्या की ती रबरी नळी एका टोकाने उपसून आत डोकवा. बहुतेक वेळा दोन-तीन तारा तुटलेल्या दिसतात. जोडताना नुसती दोन टोकं पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. तार मुळातच आखूड पडलेली असते. मध्ये नवीन लवचिक वायरचा तुकडा घाला आणि सांधे वाकणाऱ्या जागेपासून दूर, एकमेकांपासून थोडे पुढे-मागे ठेवा. वाकण्याच्या जागीच सोल्डरचा डाग दिला तर तिथली तार कडक होते आणि कडेला पुन्हा तुटते.

याच नळीत कातडी सोललेल्या दोन तारा एकमेकींना किंवा बॉडीला चिकटल्या की फ्यूज उडतो. मग आपला माणूस काय करतो? दहाचा उडतो म्हणून वीसचा घालतो. मंडळी, हे मात्र करू नका. आपल्याकडे सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करणारे लोक मी पाहिलेत. फ्यूज तारेला वाचवायला असतो. दहा अँपिअरच्या तारेवर वीसचा फ्यूज म्हणजे उद्या फ्यूजच्या ऐवजी तारच जळणार, तीही गालिच्याखाली, जिथे दिसत नाही. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. जुन्या गाडीचं फ्यूजचं झाकण उघडून पुस्तकातल्या तक्त्याशी रंग ताडून बघा; आधीच्या मालकाने काही उद्योग केलेत का ते पाच मिनिटांत कळतं.

बल्ब बदलताना दोन गोष्टी. ब्रेक आणि टेल दोन्हीचं काम करणाऱ्या बल्बला आत दोन तारा असतात आणि त्याच्या बाजूच्या खुंट्या खाली-वर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. तिथे एका तारेचा बल्ब दामटून बसवला तर खालचे दोन्ही संपर्क जोडले जातात आणि टेल लावला की ब्रेक लाइटही पेटून राहतो. आणि हेडलाइटच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने काच एका जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बाकी, इंडिकेटर अचानक भरभर टिकटिकायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, एवढंच.

हेडलाइट मंद वाटतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. काचेकडे बघा आधी. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि उन्हाने त्याचा वरचा थर पिवळा पडतो. पाणी लावून १००० चा, मग १५०० चा, मग २००० चा पॉलिश पेपर, त्यावर पॉलिश, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा लॅकर. तो शेवटचा थर लोक टाळतात आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळं झालं म्हणून कंपनीला नावं ठेवतात. काच स्वच्छ असूनही उजेड कमी असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचं आणि बल्बच्या प्लगवरचं व्होल्टेज मोजा. दोन्हींत एका व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा तेच, मधला कुठला तरी जोड खातोय. प्लग तापून तपकिरी झालाय का बघा.

एलईडी बल्ब घालावा का, असं मला प्रत्येक गणपतीत कुणीतरी विचारतं. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये नको. त्यातला आरसा बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. उजेडाची जागा मिलिमीटरने हलली तरी झोत विस्कटतो. तुम्हाला पुढे पांढरं शुभ्र दिसतं आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. १ एप्रिल १९८६ पासून पुढे वापरात आलेल्या मोटारीत असा बदल दिसला तर एमओटीत हेडलाइट नापास होतो. त्या पैशात चांगल्या कंपनीच्या हॅलोजन बल्बची जोडी येते.

काही गोष्टी आपण हातात घ्यायच्याच नाहीत. पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे प्लग एअरबॅगचे असतात. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या. झेनॉन हेडलाइट पेटताना हजारो व्होल्ट तयार होतात. यांच्यासाठी माणूस बोलवा, पण शक्यतो घरी येणारा ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा. सुटे भाग बदलणारा वेगळा आणि दोष शोधणारा वेगळा. फोनवर त्याला एकच विचारा: तुम्ही अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप मोजता का? ‘हो, दिवा लावून मोजतो’ असं म्हणाला तर या म्हणा.

आणि जे आता गाडी घ्यायच्या तयारीत आहेत, नुकतेच आलेले विद्यार्थी विशेषतः, त्यांच्यासाठी. सरकारी संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकला की तिच्या जुन्या एमओटीचा इतिहास फुकट दिसतो: कधी नापास झाली, कशासाठी, काय काय सूचना दिल्या होत्या. दिव्यांच्या नोंदी वाचा. एका वर्षी एक बल्ब गेला, दुसऱ्या वर्षी दुसरा, याला काही अर्थ नाही. पण मागचा उजवा दिवा २०२१ ला, पुन्हा २०२२ ला, पुन्हा २०२४ ला असं दिसलं, तर दर वर्षी कुणीतरी बल्ब बदलून वेळ मारून नेली आहे. गाडी बघायला जाताना खिशात पॉलिश पेपरचा तुकडा आणि टेस्ट लॅम्प ठेवा. मालकाला ब्रेक दाबायला सांगा, तुम्ही मागे उभे राहा, आणि टेल लाइट, ब्रेक, इंडिकेटर तिन्ही एकदम चालू करून बघा. तेव्हा एक बाजू मंद पडली, तर किंमत कमी करून घ्यायला तुमच्या हातात कारण आहे, आणि दुरुस्ती दहा पौंडांची आहे हे त्याला सांगायची काही गरज नाही.